विसावा घेण्याचा नेम



हल्ली कोणालाही भेटा. शेतकरी असो, कारखान्यात जाणारा असो, मास्तर असो की दुकानदार असो, "काय, बरं आहे ना?" असे विचारले की ठरलेले उत्तर येते, "बरं आहे महाराज, पण वेळ नाही." पूर्वीची माणसे पाऊस नाही म्हणत, पैका नाही म्हणत. वेळ नाही ही तक्रार त्यांच्या तोंडून क्वचित ऐकू येई. आता पैका थोडाबहुत आला, पाणी आले, दारात गाडी आली, आणि वेळ तेवढी गेली. ती गेली कोठे, आणि तिला परत कसे आणावे, एवढाच विषय या निरूपणासाठी घेतला आहे.

शिरूर तालुक्यातले केंदूर हे कान्हुराज पाठकांचे गाव. परंपरा त्यांना ज्ञानोबारायांचे समकालीन मानते, आणि त्यांच्या स्थानामुळे या गावाला वारकरी मंडळींत मान आहे. आता या केंदूरच्या शिवारातून जी नदी वाहते तिचे नाव काय? वेळ! खेड तालुक्याच्या अंगाने ती येते, केंदूर-पाबळच्या रानातून पुढे जाते आणि भीमेला मिळते. ज्यांच्या उंबऱ्याशी वेळ वाहते त्यांनीच म्हणावे की आम्हाला वेळ नाही, ही मोठी गंमत आहे. पण केंदूरकर या नदीचा स्वभाव जाणून आहेत. पावसाळ्यात ती दोन्ही थडी भरून जाते आणि उन्हाळ्यात वाळू दाखवते. थिटेवाडीला तिला बांध घातला तेव्हा कोठे चार महिन्यांचे पाणी पुढच्या महिन्यांना पुरू लागले. आपल्या आयुष्याच्या वेळेचेही तेच आहे, मायबाप. ती आहे पुष्कळ, वाहतेही आहे. पण बांध घालील त्याच्याच वावराला ती मिळते. बांध न घालणाऱ्याने पाणी कमी म्हणून रडू नये.

आता हा बांध म्हणजे काय, ते शास्त्रदृष्टीने पाहू.

संस्कृतात श्रम् असा धातू आहे. थकणे, कष्ट होणे, असा त्याचा अर्थ. त्याला 'वि' हा उपसर्ग लागला म्हणजे कष्ट निवाले. आपण विश्राम म्हणतो. जुने वैयाकरण येथे आडवे येतात. ते म्हणतात, पाणिनीच्या नियमाप्रमाणे या धातूला वृद्धी होत नाही, म्हणून विश्रम हेच रूप शुद्ध. आमच्या पाठशाळेत यावर दुपार दुपार वाद चालत आणि त्या वादात विश्रांती मात्र कोणालाच मिळत नसे! पण रूप कोणतेही घ्या, एक गोष्ट दोहींत कायम आहे. श्रम हा शब्द पोटात असल्याशिवाय विश्राम हा शब्द तयारच होत नाही. ज्याने श्रम केले नाहीत त्याच्या लोळण्याला आळस हे नाव आहे. तो विश्राम नव्हे. उलट ज्याने श्रम केले आणि विश्राम नाकारला, त्याचा शब्द अर्धाच राहिला. श्रमाला पुरे करणारी वस्तू विश्राम होय.

येथे आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. आळस वेगळा, करमणूक वेगळी, विसावा वेगळा. ओळखायचे कसे? खूण सोपी आहे. उठल्यावर काय होते ते पाहावे. आळसातून उठलेला माणूस जड असतो. करमणुकीतून उठलेल्याचे मन तिथेच घोटाळत राहते, त्याला आणखी हवे असते. विसाव्यातून उठलेला माणूस हलका असतो, आणि टाकलेले काम पुन्हा उचलावे असे त्याला आपणहून वाटते. रात्री बारा वाजेपर्यंत हातातल्या फोनकडे पाहत बसलेला गडी सकाळी कसा उठतो ते घरोघर ठाऊक आहे. त्याला विसावा म्हणू नये.

भगवंतांनी गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाला हेच सांगितले. फार खाणाऱ्याला योग साधत नाही, मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. फार झोपणाऱ्याला साधत नाही, तसा सदा जागणाऱ्यालाही साधत नाही. आहार, विहार, कर्म, निद्रा आणि जागरण, सगळे मापात असेल त्याचाच योग दुःख घालवतो. वारकऱ्याने येथे एक शब्द उचलून ठेवावा, तो विहार. आज विहार म्हटले की सहलीची मोटार डोळ्यांपुढे येते. आद्य शंकराचार्यांनी भाष्यात विहाराचा अर्थ पादक्रम, म्हणजे पायांनी चालणे, असा केला आहे. मापाने चालणे हा विहार! आपल्या वडिलांनी वारीचा जो रस्ता घालून दिला, त्याला आचार्यांच्या भाष्याचाही असा आधार आहे.

कोणी म्हणेल, महाराज, सुट्टी हे साहेबाचे खूळ. आपल्या शास्त्रात सुट्टी कोठे आहे? हे म्हणणे बरोबर नाही. शास्त्रात तिला अनध्याय म्हणतात. वेदाध्ययनाहून पवित्र काम ब्रह्मचाऱ्याला दुसरे नव्हते, तरी त्यालाही थांबण्याचे दिवस नेमून दिलेले होते. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ते मोजून सांगितले आहेत. अमावास्येला शिकवले तर गुरूची हानी, चतुर्दशीला शिकले तर शिष्याची हानी, अष्टमी-पौर्णिमेला पाठ केला तर वेदाचीच हानी, इतक्या कडक शब्दांत तेथे बजावले आहे. मेघ गर्जत असता पाठ नाही, वाऱ्याने धूळ उडत असता पाठ नाही. याज्ञवल्क्यांनी तर आणखी दोन गोड प्रसंग सांगितले. धावणाऱ्याला अनध्याय; आणि कोणी थोर सज्जन घरी आला तरी अनध्याय. पोथी बांधून ठेवा आणि त्याच्यापाशी बसा. आज आपले काय होते? धावता धावताच सगळा पाठ चालतो, आणि पाहुणा दारात आला की आपण घड्याळाकडे पाहतो.

यातले मर्म पाहा. अनध्याय हा पंचांगात आधीच लिहिलेला असे. गुरुजी थकले म्हणून सुट्टी, असे नव्हते. थकण्याच्या आधीच सुट्टी ठरलेली होती. थकून पडणे आणि विसावा घेणे यांत हाच फरक आहे.

शेतकऱ्याला हे पुस्तकातून शिकवायला नको. बैल दिवसभर औताला जुंपून ठेवला तर संध्याकाळी काम जास्त होते का? नाही. म्हणून उन्हे चढली की औत सुटते, बैल सावलीला जातात, वैरण खातात, रवंथ करतात. आपल्या शिरूर-खेडच्या भागात भाद्रपदाच्या अमावास्येला पोळा. आदल्या सांजेला खांदमळणी होते. वर्षभर जू ज्या खांद्यावर बसले तो खांदा हळद-लोण्याने चोळतात आणि दुसऱ्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. मुक्या जनावराचा खांदा चोळायची बुद्धी आपल्याला झाली. मग घरात ज्यांच्या खांद्यावर संसाराचे जू आहे त्यांची खांदमळणी वर्षातून एकदा तरी होते का, हे प्रत्येकाने आपल्या घरी जाऊन पाहावे.

आता याहून मोठा दृष्टांत देतो, तो साक्षात पंढरीनाथाचा.

आषाढीची यात्रा जवळ आली की पंढरपुरात मुहूर्त पाहून देवाचा पलंग काढतात. शेजघरातला पलंग बाहेर निघाला, शेजारती थांबली, म्हणजे देवाची निद्रा थांबली. लक्षावधी लेकरे रात्रंदिवस रांगेत उभी आहेत, तर बाप निजेल कसा? चोवीस तास दर्शन खुले राहते. देवाच्या पाठीशी लोड देतात, रुक्मिणीमातेला तक्क्या देतात, इतकाच काय तो टेकू. आता गंमत पाहा. आषाढ शुद्ध एकादशीला शयनी एकादशी म्हणतात. त्या दिवशी भगवान विष्णू क्षीरसागरात चार महिने निजायला जातात असे पुराण सांगते. आणि त्याच दिवशी तेच भगवान पंढरीत, भीमेच्या वाळवंटाशेजारी, डोळ्याला डोळा न लावता विटेवर उभे! जगासाठी निजले आणि भक्तांसाठी जागले.

पण पुढचा भाग आपण पुष्कळदा ऐकत नाही, कारण तोपर्यंत आपण घरी परतलेले असतो. काला होतो, दिंड्या माघारी फिरतात, यात्रा उलगडते. मग मुहूर्ताने प्रक्षाळपूजा होते. देवाच्या पायांना लिंबू-साखर चोळतात, ऊन पाण्याने स्नान घालतात, रात्री औषधी काढा देतात, आणि पलंग पुन्हा शेजघरात येतो. हे सारे कशासाठी? देवाचा शिणवटा घालवण्यासाठी. तत्त्वज्ञानी म्हणेल, परब्रह्माला शीण कोठला? खरे आहे. पण भक्ताला देवाचा शीण दिसला, आणि तो देवाने मान्य केला. लेकरांसाठी उभा राहिलो, आता पाय दुखतात, हे सांगण्यात पांडुरंगाला कमीपणा वाटला नाही. मग आपणच कोण असे लागून गेलो, की आम्हाला थकवा येत नाही, आम्ही बारा महिने तेरा काळ राबतो, अशी प्रौढी मिरवावी? ज्याचा देव काढा पितो त्या भक्ताने आपल्या थकल्या देहाची लाज धरू नये.

आणखी एक गोष्ट. विसावा सगळ्यांना आपोआप मिळाला असे नाही. काहींना तो मागून, भांडून घ्यावा लागला. मुंबईच्या कापडगिरण्यांत गेल्या शतकाच्या मागच्या शतकात मजूर पहाटेपासून अंधार पडेपर्यंत राबत. त्यांत आपल्या देशावरचीच माणसे फार. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले कार्यकर्ते. त्यांचे घराणे पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचे. त्यांनी १८८४ साली गिरणी मजुरांची सभा बांधली, साडेपाच हजार मजुरांच्या सह्यांचा अर्ज केला. मागण्या काय होत्या? आठवड्यात एक रविवार सुट्टी, दुपारी अर्धा तास जेवणाची मोकळीक, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, आणि पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. रविवार का, तर तो आपल्या खंडोबाचा वार. अखेर १० जून १८९० पासून मजुरांना रविवारची सुट्टी मिळू लागली. पुढे स्वतंत्र भारतात १९४८ साली कारखान्यांचा कायदा झाला. त्यात आठवड्याच्या सुट्टीबरोबर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा लिहिली गेली. आज चाकणला, सणसवाडीला, रांजणगावला पाळीवर जाणाऱ्या आपल्या मुलांनी हे ध्यानात धरावे. हातात पडलेली रजा विकून टाकताना, किंवा रविवारी दुप्पट पैशांच्या लोभाने पुन्हा पाळी घेताना, एवढे स्मरावे की त्या एका दिवसासाठी कोणी सहा वर्षे झटला होता. अडचण असेल तर जरूर काम करावे. लोभाचे नाव अडचण ठेवू नये.

आता वारीकडे येऊ. आपल्या पूर्वजांनी सुट्टी आखण्याची विद्या कशी सांभाळली, ते वारीत दिसते. देहूहून तुकोबारायांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते, आळंदीहून माऊलींची अष्टमीला. तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराजांनी १६८५ साली पालखीची प्रथा घातली. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माऊलींच्या सोहळ्याला आजची शिस्त दिली. त्यांनी कोणाला विचारले नाही की बाबांनो, तुम्हाला सवड केव्हा आहे? तिथी नेमून दिली. ज्याला यायचे त्याने आपले नांगरट, पेरणी, लग्नकार्य त्या तिथीच्या अलीकडे-पलीकडे बसवायचे. सवड पाहून वारी करायची असती, तर एकाही पिढीची वारी झाली नसती. वारी आधी ठरते आणि बाकीचे वर्ष तिच्या भोवती बसते. हाच तो बांध, ज्याने वेळ अडते.

आणि त्या वाटेतही विसावा नेमलेला आहे. पहाटे तुतारी होते, तळ हलतो, दिंड्या आपापल्या क्रमाने लागतात. पण न्याहारी कोठे, दुपारचे भोजन कोठे, तिसऱ्या प्रहरचा विसावा कोठे, हे सगळे ठरलेले. पुण्यात दोन मुक्काम, कारण पुढे दिवेघाट चढायचा आहे. घाट चढून सासवडला माऊली पुन्हा दोन मुक्काम करतात, कारण घाट चढून आलेले पाय दमलेले आहेत. चढाच्या आधी विसावा आणि चढानंतर विसावा. हा हिशोब ज्याने घातला त्याला माणसाच्या पायांची पारख होती. पुढे रिंगणे आहेत. अश्व धावून गेला की म्हातारेकोतारे फुगड्या घालतात, हुतुतू खेळतात, पावल्या टाकतात. सत्तर वर्षांच्या माणसाला पोरासारखे खेळायला एरवी कोण देतो? आणि अगदी शेवटी, वाखरी सोडली, पंढरी समोर आली, तरी तेथे विसाव्याची जागा आहेच. मुक्काम दिसतो आहे म्हणून वाट तुडवत सुटायचे नाही. दर्शनाच्या आधी श्वास खाली बसू द्यायचा.

आता शंका घेऊ. पूर्वपक्ष नीट ऐकल्याशिवाय सिद्धांत पक्का होत नाही.

पहिली शंका, आणि ही आपल्या भागात सर्वांत खरी आहे. "महाराज, दावणीला पाच गाया आहेत. सकाळ-संध्याकाळ धार काढावीच लागते. गाईला एकादशी नाही आणि रविवारही नाही. मी गेलो तर दूध कोण घालणार?" बरोबर आहे. धार चुकली तर गाईचे सड सुजतात, जनावर हातचे जाते. या माणसाला नुसते 'चिंता सोड आणि चल' म्हणणे हा उपदेश नव्हे, ती थट्टा आहे. त्याला अखंड हरिनाम सप्ताहाकडे बघायला सांगावे. सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. रात्री दोन वाजता देवळात जा, वीणा उभीच आहे. पण म्हणून एकच माणूस सात दिवस उभा असतो का? नाही. पहारे लावलेले असतात. याचा पहारा संपला की तो वीणा दुसऱ्याच्या गळ्यात देतो, पाया पडतो आणि घरी जाऊन निजतो. अखंड असते ते नाम; माणसे आळीपाळीने असतात. कामाचेही असेच करावे. धार अखंड राहू द्या, पण धार काढणाराचे पहारे लावा. चार घरांनी सावड करावी. यंदा तुझ्या आठ दिवसांत मी तुझ्या गोठ्यात, माझ्या आठ दिवसांत तू माझ्या. पेरणीला, काढणीला आपले वाडवडील सावड करीतच होते. ती विसाव्याला का करू नये? ज्या गावाला सप्ताहाचे पहारे लावता येतात, त्या गावाला गोठ्याचे पहारे लावता येत नाहीत असे मी मानीत नाही. यात एकच अडचण असते, ती म्हणजे 'माझ्यावाचून चालत नाही' हा अहंकार. आठ दिवस आपल्यावाचून घर चालले हे पाहिले की तो अहंकार थोडा उतरतो, आणि हाही वारीचा एक लाभच आहे.

दुसरी शंका. "मग सावतोबांनी काय केले? ते तर मळा सोडून कोठे गेले नाहीत." उत्तम शंका आहे. सावता महाराज माढ्याजवळच्या अरणचे. परंपरा सांगते की त्यांनी मळ्यातच पांडुरंग पाहिला आणि देवच त्यांच्या भेटीला आला. यावरून कोठेही न जाता विसावा मिळतो हे सिद्धच होते. पण सावतोबांचे नाव सांगणाऱ्याने सावतोबांसारखे मळ्यात असावे. त्यांच्या हातात खुरपे होते आणि चित्त निवांत होते. आपल्या हातात खुरपे नसते आणि चित्तात बाजारभाव असतो. ज्याला बांधावर बसून तासभर निवांत होता येते, त्याने खुशाल अरणचा मार्ग धरावा. बाकीच्यांसाठी वाट पंढरीची आहे. आणि सारखे लांबच गेले पाहिजे असेही नाही. तुकोबाराय एकांतासाठी भंडाऱ्यावर आणि भामचंद्रावर जात. हे डोंगर देहूपासून फार दूर नाहीत. घराजवळचा एक डोंगर, एक देऊळ, एक नदीकाठ आपला म्हणून राखून ठेवावा. केंदूरकरांना तर वेळेचा काठच आहे.

तिसरी शंका तरुणांची. "आम्ही जातो की सुट्टीला! कोकणात गेलो, महाबळेश्वरला गेलो. तरी परत आलो की दमलेलेच असतो." याचे उत्तर छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात आहे. उद्दालक ऋषी श्वेतकेतूला सांगतात, दोरीने बांधलेला पक्षी सर्व दिशांना उडून पाहतो, कोठेही आसरा मिळत नाही, आणि शेवटी जेथे बांधला आहे तेथेच येऊन बसतो. मनाचे तसेच आहे. आता आपले मन कोठे बांधलेले आहे ते पाहा. दोरी कारखान्याच्या फोनला बांधली असेल तर समुद्राकाठी बसूनही पाखरू कारखान्यातच येऊन बसते. दोरी शेजाऱ्याच्या मोटारीला बांधली असेल तर थंड हवेच्या ठिकाणीही अंगाचा दाह होतो. समुद्र आणि डोंगर ही भगवंताचीच विभूती आहेत. स्थावरांत मी हिमालय आणि जलाशयांत मी सागर, असे देवाने दहाव्या अध्यायात सांगितले आहे, तेव्हा ते पाहायला जाण्यात दोष काहीच नाही. दोष आहे तो दोरी न सोडता जाण्यात. आणि कर्ज काढून जाणे तर उघड उघड नवे ओझे विकत आणणे आहे. आठ दिवस फिरले आणि बारा महिने हप्ते फेडले, याला विसावा कोण म्हणेल?

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे निरूपण मांडले तिच्याकडे येतो. संतांनी पंढरीला माहेर म्हटले. राजधानी म्हणता आली असती, काशी म्हणता आली असती. माहेर का म्हटले? याचा अर्थ पुरुषांना नीट कळत नाही, तो सासुरवाशिणीला विचारावा. जुन्या काळी बाईला वर्षात सुट्टी एकच. नागपंचमीला, दिवाळीला भाऊ मुराळी होऊन येई आणि तिला घेऊन जाई. माहेर म्हणजे काय? जेथे आपण बसायचे आणि आई ताट वाढून आणते. जेथे उशिरा उठले तर कोणी बोलत नाही. जेथे काय कमावले, काय सांडले, याचा हिशोब कोणी मागत नाही. जेथे आपण कामाच्या म्हणून नव्हे, लेक म्हणून प्रिय असतो. देवाच्या दारी जीवाला हेच मिळते, म्हणून पंढरी माहेर झाली. विसाव्याची याहून चांगली व्याख्या मला पाठशाळेत मिळाली नाही.

ही व्याख्या घेऊन आपल्या घरच्या सुट्टीची परीक्षा करावी. सगळे घर जीपगाडीत बसून देवदर्शनाला निघाले. गाडीत शेगडी, पीठ, मसाल्याचा डबा. मुक्कामाला पोहोचल्यावर पुरुष मंडळी पाय पसरून बसली आणि घरधनीण पुन्हा चुलीपुढे बसली. तिची सुट्टी झाली का? तिची नुसती चूल बदलली. दिंडीत भिशी भरायची पद्धत आहे. प्रत्येकाने ठरलेली भिशी द्यायची आणि स्वयंपाकाची सोय दिंडीने करायची. म्हणून कित्येक आयाबाया वर्षातून अठरा-वीस दिवस दुसऱ्याच्या हातचे जेवतात, डोक्यावर तुळस घेऊन चालतात, संध्याकाळी फुगडी घालतात. ही सोय आपल्या घरच्या प्रवासातही करता येईल. जेथे जाल तेथे एक वेळचे तरी जेवण विकत घ्या किंवा पुरुषांनी रांधा. घरची लक्ष्मी परत येताना हसत आली तर ती सुट्टी झाली असे समजा.

आणखी एक सांगतो, आणि हे सांगताना जिभेला जड जाते. घरोघर म्हातारी माणसे असतात. आई म्हणते, "मला एकदा पंढरी दाखव रे." मुलगा वाईट नसतो. तो म्हणतो, "यंदा कांद्याचे पैसे येऊ दे, मग जाऊ." पुढच्या वर्षी विहिरीचे काम निघते. त्यापुढे मुलीचे लग्न. तो खोटे बोलत नाही, कामे खरीच असतात. आणि एके वर्षी कांद्याला भाव मिळतो, विहिरीला पाणी लागते, लग्न पार पडते, आणि खाटेवरची आई उठून बसू शकत नाही. मग तो तिच्या अस्थी घेऊन चंद्रभागेवर येतो. वाट तीच असते, गाडी तीच असते, पैसाही असतो. अशी माणसे मी वाळवंटात पाहिली आहेत. त्यांच्या पाठीवर हात ठेवण्यापलीकडे त्यांना सांगण्यासारखे काही नसते. म्हणून ज्यांची आई अजून चालती-बोलती आहे त्यांना हे आजच सांगतो आहे. आईची वारी कामे संपल्यावर होत नाही. कामे संपत नसतात, आई संपते.

तेव्हा करावे काय? नेम करावा. वारकरी माळ घालतो तेव्हा एकादशीचा नेम घेतो, वारीचा नेम घेतो. तसाच विसाव्याचा नेम घ्यावा. गुढीपाडव्याला नवे पंचांग घरात येते. नुसते राशिफल पाहून ते खुंटीला अडकवू नये. घरातल्या सर्वांनी, लहानांनी, म्हाताऱ्यांनी आणि बायकांनीसुद्धा, एकत्र बसावे आणि वर्षातले आठ दिवस तरी खुणेने बांधून टाकावेत. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री, यांतली जी जमेल ती वारी. मुलांच्या सुट्टीतले चार दिवस. आईला जेथे जायचे असेल तेथला एक प्रवास. कारखान्यात असाल तर रजेचा अर्ज तेव्हाच द्यावा. शेजाऱ्याशी सावडीचे तेव्हाच बोलावे. एक डबा ठेवून दर बाजाराला त्यात थोडे थोडे टाकावे, म्हणजे हप्त्याचे तोंड पाहावे लागत नाही. आठवड्यातला एक वार घरासाठी आणि दिवसातली एक घटका देवासाठी; त्या घटकेत फोन दुसऱ्या खोलीत. प्रवासाहून आल्यावर एक दिवस हातचा ठेवावा. पूर्वी तीर्थ करून आले की मावंदे घालीत, गोतावळ्याला जेवू घालीत, मग कामाला लागत. गाडीतून उतरून थेट पाळीवर जाणाऱ्याने मिळवलेले सारे वाटेतच सांडते.

आणि हे सारे करूनही कोणाला एखाद्या वर्षी जमले नाही, आजारपण आले, दुष्काळ आला, तर खंत करू नये. ज्याच्या घरात थकल्या माणसाला 'जरा बस' म्हणणारे कोणी आहे, त्याच्या उंबऱ्यावर पंढरी आली असे खुशाल समजावे. हा लेख वाचून झाला की आपल्या घरी तो शब्द कोणाला म्हणायचा राहिला आहे ते आठवा, आणि आज दिवेलागणीच्या आत म्हणून टाका.

रामकृष्णहरि.